टाळ्यांच्या इमोजीने बढती मिळत नाही

२०१०-११ मध्ये चीनमधल्या सीट्रिप या प्रवासाचं बुकिंग करणाऱ्या कंपनीने आपल्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला. घरून काम करायला राजी आणि पात्र असलेल्या २४९ जणांमधून, जन्मतारीख सम की विषम एवढंच बघून, साधारण निम्म्यांना घरी पाठवलं. आठवड्यातले चार दिवस घरी, एक दिवस ऑफिसात. नऊ महिन्यांनी घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाची बाजू घेणारे हे दोन आकडे तोंडपाठ सांगतात. त्याच अभ्यासातला तिसरा निष्कर्ष सहसा कोणी काढत नाही: सारखीच कामगिरी धरून तुलना केली, तर घरी बसलेल्याला बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. प्रयोगानंतर पुन्हा निवड करायला सांगितलं तेव्हा घरी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

हीच कंपनी पुढे ट्रिप डॉट कॉम झाली आणि तिथला दुसरा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी १,६१२ कर्मचारी होते आणि घरून काम आठवड्यातून दोनच दिवस. राजीनामे एक तृतीयांशाने घटले, आणि दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये किंवा बढत्यांमध्ये काही फरक आढळला नाही. तीन दिवस समोर दिसणारा माणूस विसरला जात नाही, असा तर्क यातून काढता येतो. पण सगळ्यांना आठवड्यातून तीन दिवस एका इमारतीत आणणं शक्य नसतं. टीम चार शहरांत आणि दोन टाइमझोनमध्ये विखुरलेली असते, काहींची नेमणूकच कायमची रिमोट असते. तिथे ‘समोर दिसण्याचं’ काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावं लागतं.

घरून काम करणाऱ्याची कदर होत नाही, ती साहेबाचं मन कोतं असतं म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा साहेबाला काम दिसलेलंच नसतं. म्हणून कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी आणि कौतुकासाठी ठेवलेला पैसा ॲप, गिफ्ट कूपन आणि शुक्रवारच्या ऑनलाइन खेळांतून काढावा आणि मॅनेजरचा वेळ व कामाची नोंद या दोन गोष्टींवर लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एचआरच्या वार्षिक सादरीकरणात याचे छान फोटो येत नाहीत, ही अडचण आम्हाला मान्य आहे.

ऑफिसात बरीच माहिती फुकटात मिळते. कोण कोणाच्या खुर्चीशी अर्धा तास उभं राहून काय समजावतंय, कोणाचा चेहरा दोन दिवस उतरलाय, नवा मुलगा अडला की कोणाकडे वळतो, हे कोणी मुद्दाम टिपत नाही, तरी डोळ्यांखालून जातं. घरून काम सुरू झालं की मॅनेजरपर्यंत फक्त निकाल पोहोचतो: टिकेट (सिस्टिममध्ये नोंदवलेलं काम) बंद झालं, फाइल आली, रिपोर्ट गेला. दोन टीममधला गैरसमज मिटवणं, नवख्याला हाताशी धरणं, कोणीही न सांगता जुनी माहिती नीट लिहून ठेवणं, अशी जोडकामं कुठल्याच डॅशबोर्डवर उमटत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्काचा अभ्यास झाला, तेव्हा सगळी कंपनी घरी गेल्यावर प्रत्येकाचं वर्तुळ आपल्याच गटापुरतं आटलेलं आणि वेगवेगळ्या विभागांना जोडणारे दुवे कमी झालेले दिसले. म्हणजे ज्या जोडकामाची गरज वाढली, तेच नजरेआड गेलं.

ऑफिसात तरी सगळा न्यायच होता असं नाही. साहेबाच्या केबिनबाहेर बसणाऱ्याचं नाव तिथेही आधी आठवायचं, आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उगाच बसून राहणारा मेहनती ठरायचा. रिमोट कामात निदान प्रत्येक गोष्टीचा लेखी माग राहतो. तो वापरायचा की नाही, एवढाच प्रश्न.

आता स्वास्थ्याच्या कार्यक्रमांकडे. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्या संशोधकाने २०२४ मध्ये जे मांडलं ते एचआर विभागांना फारसं रुचलं नाही: ध्यानाचे वर्ग, ताण सोसण्याचं प्रशिक्षण, वेळेच्या नियोजनाचे तास, वेलनेस ॲप, यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसत नव्हते. त्याआधी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर सोडत पद्धतीने वेलनेस कार्यक्रमाची चाचणी झाली होती. तिच्यातही पहिल्या वर्षात आरोग्यखर्चावर किंवा कामावर ठळक परिणाम आढळला नाही. मुळात तब्येतीची काळजी घेणारेच अशा कार्यक्रमांना जातात, आणि मग कार्यक्रमामुळे ते ठणठणीत आहेत असा समज होतो.

कारण सोपं आहे. माणूस थकतो तो कामाच्या मांडणीमुळे, आणि उपाय शोधला जातो त्याच्या श्वासोच्छ्वासात. रात्री अकरापर्यंत कॉल लावायचे आणि सकाळी ध्यानाची लिंक पाठवायची, हे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. समुपदेशनाची हेल्पलाइन जरूर असावी. ज्याला आज आधाराची गरज आहे त्याला ती मिळालीच पाहिजे, आणि कोणी फोन केला हे कंपनीला कळता कामा नये. पण ती उपचाराची सोय आहे. तिच्या पाटीवर ‘आम्ही स्वास्थ्य जपतो’ लिहून मोकळं होता येत नाही.

स्वास्थ्य आणि कौतुक हे एचआरमध्ये दोन वेगळे विभाग असतात, दोन वेगळी बजेटं असतात. प्रत्यक्षात ती एकाच हिशोबाची दोन पानं. योहानेस सिग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये मांडलेलं प्रतिमान हेच सांगतं: घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांत दीर्घकाळ तफावत राहिली की शरीर आणि मन दोन्ही खचतात. त्याच्या मोबदल्यात पैसा आहे, मान आहे, आणि नोकरीची शाश्वती व पुढे जाण्याची संधीही आहे. टाळ्यांचा इमोजी यातल्या मानाच्या खात्यात चिल्लर टाकतो. बाकीची खाती रिकामी ठेवली की त्या चिल्लरचाही राग येऊ लागतो.

कौतुक नीट कसं करायचं, हे एका निरोपात दाखवता येईल. ‘ग्रेट जॉब टीम, असंच चालू राहू दे’ हा निरोप कोणालाही, कधीही पाठवता येतो, म्हणून तो कोणालाच पोहोचत नाही. त्याऐवजी: ‘मंगळवारी बिलिंगची फाइल दोनदा अडकली तेव्हा तुम्ही मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्यात आणि घोळ तारखेच्या फॉरमॅटमध्ये आहे हे शोधलंत. महिनाअखेरची बिलं वेळेत गेली, सपोर्टच्या लोकांना ग्राहकांचे फोन झेलावे लागले नाहीत. हे तुमच्या सहामाही नोंदीत लिहिलं आहे, विभागप्रमुखांनाही कळवलं आहे.’ काय केलं, अडचण कुठे होती, कोणाचं काय वाचलं, आणि हे कुठे नोंदलं गेलं, हे चारही यात आहे. चौथा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात. असा निरोप काम झाल्यापासून आठवड्याच्या आत जावा. तिमाहीच्या शेवटी आठवण काढून पाठवलेल्या निरोपाला यादी उरकल्याचा वास येतो.

बिघडतं ते बारीक जागी. सादरीकरण जो करतो त्याचं नाव होतं, आणि आकडे ज्याने जमवले त्याची साधी दखलही घेतली जात नाही. दहा नावांची यादी वाचली जाते आणि अकरावा गप्प बसतो. कौतुकाच्या वाक्यानंतर लगेच ‘आता तेवढं पुढचंही बघा’ येतं, आणि मग लोक कौतुकालाच घाबरू लागतात. सगळ्यांच्या मीटिंगमध्ये कौतुक होतं तेव्हा दुसऱ्या टाइमझोनमधला माणूस झोपलेला असतो. त्याला ते रेकॉर्डिंगमध्ये शोधावं लागतं, म्हणजे कळतच नाही. शिवाय चारचौघांत नाव घेतलेलं प्रत्येकाला आवडत नाही. रुजू होताना फॉर्ममध्ये एक प्रश्न घालावा: कौतुक सगळ्यांसमोर चालेल, की खासगीत हवं? दोन मिनिटांचं काम आहे.

बक्षिसांची आखणी करताना एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीनशेहून अधिक लोकांना तीन तासांच्या डेटा एंट्रीसाठी नेमलं होतं, आणि काही गटांत कामाच्या मध्येच जाहीर आभारपत्रं दिली. गटातल्या सर्वोत्तम काही जणांना पत्रं दिली तेव्हा परिणाम सगळ्यांत चांगला झाला, आणि वाढ मुख्यतः ज्यांना पत्र मिळालं नव्हतं त्यांच्या कामात दिसली. सरसकट सगळ्यांना प्रमाणपत्र आणि महिन्यातून एकच ‘बेस्ट एम्प्लॉयी’, या दोन्ही टोकांपेक्षा मधली वाट बरी. त्याच वर्षी एका औद्योगिक लाँड्रीतल्या हजेरी-बक्षिसाचा अभ्यासही आला. बक्षीस सुरू होताच लोक पात्रतेपुरते वेळेवर येऊ लागले. जे आधीपासून मुकाट्याने वेळेवर येत होते, त्यांचं मन मात्र उतरलं आणि कामाचा वेगही घटला. रिमोट कामात याचा अवतार म्हणजे ‘सर्वांत जलद उत्तर देणारा’ हा बॅज. तो सुरू करण्याआधी कंपनीला नक्की काय हवं आहे ते ठरवावं, कारण जेवताना फोनला चिकटलेली माणसं मिळतील हे निश्चित.

सहकाऱ्यांनी एकमेकांना पॉइंट देण्याची सॉफ्टवेअरं सध्या जोरात विकली जातात. पॉइंटांमागे पैसे लावले की काही महिन्यांत ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ सुरू होतं: ठरलेल्या जोड्या एकमेकांना महिन्याचा कोटा वाटून टाकतात. पैसे काढून टाका, निरोप ठेवा. आणि तिमाहीला एकदा कोणाला सर्वाधिक मिळाले हे बघण्याऐवजी कोणाला एकही मिळाला नाही ते बघा. त्या यादीत टेस्टिंग, पेरोल, रात्रपाळीचा सपोर्ट असे विभाग घाऊक दिसले तर तिथली माणसं कमी पडत नसतात. त्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याचे आभार मानायला कोणाला सुचत नाही.

यातूनच सर्वांत घातक सवय लागते. रात्री दोनला जागून बिघाड दुरुस्त करणारा नायक होतो, आणि तोच बिघाड महिनाभर आधी टाळणारा कोणाच्या लक्षातही येत नाही. जागरणाचं जाहीर कौतुक म्हणजे बाकीच्यांना दिलेला आदेशच. रात्रीच्या कामाबद्दल आभार मानायचेच तर खासगीत माना, सोबत दुसऱ्या दिवशीची भरपाई रजा द्या, आणि सगळ्यांसमोर ‘ही वेळ पुन्हा का येणार नाही’ एवढंच सांगा.

नोंदीबद्दल थोडं सविस्तर. प्रत्येकासाठी एक चालू दस्तऐवज ठेवावा, कर्मचारी आणि मॅनेजर दोघांनाही दिसणारा. दर पंधरवड्याला तीन ओळी: काय केलं, त्यामुळे कोणाचं काय सुकर झालं, पुरावा कुठे आहे. सहा महिन्यांत १३ पंधरवडे, म्हणजे ३९ ओळी. अप्रेझलच्या आधी वीस मिनिटांत वाचून होतात. हे नसेल तर मॅनेजर शेवटचे सहा आठवडे आठवतो आणि त्यावर सहा महिन्यांचा निकाल देतो. दोन धोके आहेत. एक, स्वतःबद्दल लिहायला संकोचणारे लोक ‘नेहमीची कामं’ एवढंच लिहितात. म्हणून तीनपैकी एक ओळ मॅनेजरने लिहायची. दुसरा, बोलघेवडे लोक ओळींचे परिच्छेद करतात. तीन म्हणजे तीनच. बढतीच्या चर्चेत ज्याच्या नावापुढे नोंदीचा पुरावा नाही त्यावर ‘मला वाटतं चांगला आहे’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये, मग तो माणूस ऑफिसातला असो की घरचा.

वेळेच्या मर्यादेचा प्रश्न काही देशांनी कायद्यात आणला आहे. फ्रान्समध्ये कामाबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये जबाबदारी उलट बाजूला टाकली: कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न करणं हे मालकाचं कर्तव्य, आणीबाणी सोडून. शिवाय रिमोट कर्मचाऱ्याची वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी करारात ठरलेल्या अंतराने, आणि तसं काही ठरलं नसेल तर निदान दोन महिन्यांतून एकदा, प्रत्यक्ष भेट घडवावी, असंही त्या कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अवाजवी संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. आम्हाला पोर्तुगालची पद्धत जास्त पटते. ‘उत्तर न देण्याचा हक्क’ वापरायला हिंमत लागते, आणि ज्याची नोकरी सर्वांत कच्ची त्याच्याकडे ती सर्वांत कमी असते.

कायदा असो नसो, टीमपुरतं लिहून ठेवता येतं. चॅटला चार कामाच्या तासांत उत्तर, मेलला पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, आणि खरोखर तातडीचं असेल तर फक्त फोन. फोन हा एकच तातडीचा मार्ग ठरला की बाकीच्या सूचना रात्री निर्धास्त बंद करता येतात. मॅनेजरला रात्रीच काही सुचत असेल तर लिहावं आणि सकाळची वेळ लावून ठेवावं. ‘उत्तराची घाई नाही’ असं खाली लिहिलेल्या रात्रीच्या मेलला लोक रात्रीच उत्तर देतात. मीटिंग अर्ध्या तासाऐवजी २५ आणि तासाऐवजी ५० मिनिटांच्या ठेवाव्यात. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १४ जणांच्या मेंदूतल्या लहरी मोजून पाहिलं होतं: सलग चार मीटिंगांमध्ये ताण साठत गेला, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिल्यावर साठला नाही. नमुना अगदी लहान आहे, पण कॅलेंडरची सेटिंग बदलायला तेवढा आधार पुरे. रजेवर जाणाऱ्याचं काम कोण बघणार ते नावानिशी लिहिलेलं नसेल तर ती रजा नव्हे, जागा बदलून केलेलं काम.

आणि पाळत. माउस हलतोय का, किती कळा दाबल्या, चॅटमध्ये ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका किती वेळ होता, हे मोजणारी सॉफ्टवेअरं कौतुकाच्या योजनेशेजारी नांदू शकत नाहीत. हिरवा ठिपका मोजला की लोक हिरवा ठिपका तयार करतात. त्यासाठी माउस हलवणारी यंत्रं बाजारात मिळतात. विचार करत बसलेला माणूस या मोजणीत कामचुकार ठरतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे मॅनेजरची प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र बैठक. तिथे कामाची स्थिती विचारायची नाही, ती टिकेटमध्ये दिसते. पहिली दहा मिनिटं समोरच्याची. मग दोन प्रश्न: या आठवड्यात कशात वेळ फुकट गेला, आणि कोणाची मदत झाली? पहिल्यातून थकव्याची कारणं कळतात, दुसऱ्यातून न दिसणाऱ्या कामाची नावं. ‘कसं चाललंय’ला ‘मजेत’ हेच उत्तर येतं, ते विचारून उपयोग नाही. मॅनेजरने डॉक्टर होऊ नये; त्या माणसाच्याच नेहमीच्या वागण्यात फरक पडलाय का, एवढं बघावं. नेहमी वाद घालणारा दोन आठवडे सगळ्याला हो म्हणतोय, तर शांतपणे विचारावं आणि गरज वाटल्यास हेल्पलाइनचा नंबर द्यावा. बैठक लागोपाठ दोनदा रद्द झाली की तिसऱ्या वेळी समोरून ‘विशेष काही नाही’ येतं आणि ते दार बंद होतं.

मोठ्या माणसांना एवढं गोंजारायचं कशाला, पगार देतो ना, असा एक आक्षेप हमखास येतो. पगार आणि बढती कोणाच्या हाती पडते हेच तर इथे नोंदीवर टांगलेलं आहे, त्यामुळे हा आक्षेप आमच्याच बाजूचा. दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढा वेळ आणायचा कुठून? आठ जणांची टीम धरा. आठ बैठकांचे चार तास, नोंदी आणि निरोप यांचे दोन. आठवड्याचे सहा तास, म्हणजे चाळीस तासांतले १५ टक्के. पंधरा जण हाताखाली असतील तर हे जमणारच नाही, आणि तसं सांगण्याची मुभा मॅनेजरला हवी. बहुतेक कंपन्यांत त्यालाच कोणी ‘तुमचा वेळ कुठे फुकट गेला’ असं विचारत नाही. म्हणून योजना जाहीर करण्याआधी हे सहा तास कशातून येणार ते लिहून काढावं: कोणता साप्ताहिक रिपोर्ट बंद, कोणती मीटिंग रद्द, कोणती मंजुरी खालच्या पातळीवर. हे रकाने कोरे ठेवले तर वसुली मॅनेजरच्या रात्रीतून होईल, आणि त्याच्या वरच्या साहेबाला ती दिसणारही नाही, कारण मॅनेजरही घरूनच काम करतो.